बाळाच्या ऑपरेशनसाठी पैसे उभे करायचेत? क्यूआर कोड टाकायची घाई करू नका

माझं तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड ऑनलाइन करणं, आयुष्मान कार्ड, पीक विमा, दिवसभर हेच. म्हणजे सरकारी कागदात मी रोज लोळतो म्हणा ना. आणि तरी सख्ख्या भाचीच्या वेळी माझी मती गुंग झाली. पोरगी जन्मली, दुसऱ्या दिवशी दूध पिताना दम लागायला लागला, ओठ-नखं निळसर दिसायला लागली, डॉक्टरांनी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, तिथं टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि कळलं की हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालीय, ऑपरेशन लागणार, साधारण साडेचार लाख धरून चला आणि आत्ता पन्नास हजार भरा. दाजींनी बहिणीचं गंठण गहाण ठेवलं, मी रात्री बसून व्हॉट्सअ‍ॅपला मेसेज टाकला, खाली क्यूआर कोड, सकाळपर्यंत साठ-पासष्ट हजार जमा. सगळे म्हणाले वा, किती माणुसकी. तिसऱ्या दिवशी तिथल्याच एक सिस्टर हळूच म्हणाल्या, दादा तुमचं रेशनकार्ड कुठलंय, हे ऑपरेशन योजनेत बसतं की, इथं योजना नाही पण अमुक ठिकाणी आहे. मी दुकानात बसून जगाला योजना सांगणारा माणूस, मला हे सुचलं नव्हतं!

म्हणून हे लिहितोय. आम्ही जे उलट्या क्रमाने केलं ते तुम्ही सरळ क्रमाने करा. लोकांकडे हात पसरणं हे शेवटचं काम आहे, त्याआधी बिल किती कमी होतं ते बघायचं असतं, आणि बऱ्याचदा ते शून्यापर्यंत जातं.

आधी विचारा, वेळ किती आहे

डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण पहिलं काय विचारतो, खर्च किती येईल. चुकीचा प्रश्न. पहिला प्रश्न, "ऑपरेशन किती दिवसांच्या आत व्हायला पाहिजे?" यावर तुमचा सगळा प्लॅन ठरतो. कारण जन्मजात दोष म्हणजे एक आजार नाही, शंभर प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं.

अन्ननलिका जुळलेलीच नाही, बाळ लाळ गिळू शकत नाही, तोंडाला फेस येतोय, हे पहिल्या एक-दोन दिवसांचं काम. शौचाची जागाच नाही, तिथंही पहिल्या एक-दोन दिवसांतच निर्णय होतो, बऱ्याच बाळांना आधी पोटावर शौचाची वाट काढून देतात, मग काही महिन्यांनी मुख्य ऑपरेशन, मग ती वाट बंद करायचं तिसरं ऑपरेशन. म्हणजे खर्च एकदा नाही, तीनदा! हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, नाहीतर पहिल्या टप्प्यातच सगळे पैसे संपवून बसाल. पाठीच्या कण्यावर उघडी गाठ असेल तर साधारण दोन-तीन दिवसांच्या आत बंद करायला बघतात, इन्फेक्शनची भीती असते. आमच्या भाचीसारखी रक्तवाहिन्यांची अदलाबदल असेल तर पहिल्या दोन-चार आठवड्यांत, आणि तोवर एका औषधाची ड्रिप चालू ठेवतात, जन्मानंतर आपोआप बंद होणारी एक रक्ताची नळी असते ती त्या औषधाने उघडी राहते, त्यावर बाळ तग धरतं.

याउलट हृदयाच्या खालच्या कप्प्यातलं छोटं छिद्र असेल तर डॉक्टर कित्येकदा नुसतं लक्ष ठेवतात, काही छिद्रं आपोआप बुजतात. मोठं असलं तरी बऱ्याच वेळा औषधावर काही महिने काढता येतात. वरच्या कप्प्यातलं छिद्र तर काही वर्षं थांबू शकतं. फाटलेला ओठ साधारण तिसऱ्या महिन्यात शिवतात, टाळू नऊ-दहा महिन्यांनंतर. आणि पाय आत वळलेले असतील तर आधी ऑपरेशन नसतंच, दर आठवड्याला प्लास्टर बदलत बदलत पाय सरळ करतात, शेवटी फार तर टाचेमागच्या शिरेला छोटा छेद. हे सांगायचं कारण, आमच्याकडे दुकानात एक आजोबा नातवाच्या पायासाठी शेत विकायला निघाले होते, ते प्लास्टरवर भागलं.

हे सगळं ढोबळ आहे, तुमच्या बाळाचं तुमचे डॉक्टर सांगतील ते खरं. पण उत्तर "दोन दिवस" असेल तर अर्ज-बिर्ज करत बसायचं नाही, ज्या हॉस्पिटलात सोय आहे आणि योजना आहे तिथं बाळ आधी हलवायचं. हलवणं सुरक्षित आहे का हे मात्र डॉक्टरांनीच सांगायचं. उत्तर "तीन महिने" असेल तर तुमच्याकडे सोन्यासारखा वेळ आहे, तो भिऊन वाया घालवू नका.

योजनेत बसतंय का ते बघा

महाराष्ट्रातल्या माणसाने पहिलं नाव लक्षात ठेवायचं, महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना. जुने लोक अजून जीवनदायी म्हणतात, २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती, २०१७ ला नाव बदललं, नंतर केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत होतं, आता पाच लाख. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे आता पिवळं-केशरीच नाही, पांढरं रेशनकार्डवालेही त्यात आहेत. लोकांच्या डोक्यात अजून तेच जुनं बसलंय, "आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काय मिळणार". विचारा तरी! कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांनाही ही योजना लागू करायचा निर्णय झालेला आहे. गोव्यात असाल तर तिथली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना वेगळी, तिचं कार्ड वेगळं.

योजनेच्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, बहुतेक दारातच टेबल असतं. त्याला जाऊन सरळ म्हणायचं, "दादा, हा इकोचा रिपोर्ट, हे रेशनकार्ड, हे ऑपरेशन योजनेत बसतंय का आणि इथं होतंय का?" दोन्ही विचारा, कारण हॉस्पिटल योजनेत असतं पण लहान बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन तिथं होतच नाही असंही असतं. आधी फोनवर विचारायचं तर १५५३८८ हा टोल फ्री नंबर आहे. इमर्जन्सी असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून.

इथं एक गोष्ट दगडावर कोरून ठेवा. ही योजना कॅशलेस आहे. तुम्ही खिशातून भरलं आणि नंतर पावत्या घेऊन गेलात तर ते पैसे परत मिळत नाहीत. आमचे पहिल्या तीन दिवसांतले पन्नास हजार अधिक औषधं अधिक तपासण्या असे ब्याऐंशी हजार गेले ते गेलेच. म्हणून अ‍ॅडमिट करतानाच योजनेचं नाव काढायचं.

बाळाचं नाव रेशनकार्डात नसतं, कुठून असणार, दोन दिवसांचं पोर. घाबरू नका, आई-बापाचं रेशनकार्ड, त्यांचं आधार आणि बाळाचा जन्माचा दाखला किंवा दाखला व्हायच्या आधी हॉस्पिटलचं जन्माचं पत्र, यावर आरोग्यमित्र मार्ग काढतो. पण रेशनकार्ड ऑनलाइन पाहिजे, बारा अंकी नंबर पाहिजे. खरी गाडी इथंच अडते. कार्ड जुनं, फाटकं, सुनेचं नाव माहेरच्याच कार्डात, इकडं लावलेलंच नाही. घरात कोणी पोटुशी असेल ना, तर आत्ताच बघून घ्या नाव लागलंय का, बाळंतपणाच्या तयारीत दुपटी शिवता तसं हेही एक काम धरा.

दुसरी योजना लोकांना माहीतच नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. अंगणवाडीत-शाळेत डॉक्टरांची टीम येऊन पोरं तपासते ना, तीच. ही २०१३ ला आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाली. शून्य ते अठरा वर्षांची पोरं यात येतात आणि जन्मजात दोष हे यातलं पहिलंच कलम आहे, हृदयाचे दोष, फाटलेला ओठ-टाळू, वाकडे पाय, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण, पाठीच्या कण्याचे दोष. यात रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत. आशाताईंना सांगा किंवा सरळ जिल्हा रुग्णालयात जा, तिथं लवकर निदान केंद्र असतं, लोक डीईआयसी म्हणतात. बऱ्याच जिल्ह्यांत तिथं टूडी इकोची शिबिरं लागतात, मोठ्या शहरातले बालहृदयरोग डॉक्टर येतात आणि तिथूनच पोरांना ऑपरेशनला पाठवतात. वेळ असलेल्या केसला हा रस्ता मला सगळ्यात बरा वाटतो, दगदग कमी.

आणि बाळ सरकारी दवाखान्यात असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाची औषधं, तपासण्या, रक्त, नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं फुकट असतं. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर नम्रपणे विचारा.

नोकरीवाल्यांनी आणखी दोन दारं बघायची. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कापला जातो का? मग बायको-पोरांचा उपचार त्यात आहे. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे का? बऱ्याच ग्रुप पॉलिसीत बाळ पहिल्या दिवसापासून धरतात, पण बाळाचं नाव एचआरला ठराविक दिवसांत कळवावं लागतं, बारशाची वाट बघू नका, "बेबी ऑफ अमुक" म्हणून मेल टाका. पॉलिसीत जन्मजात दोष आतला आणि बाहेरचा असा फरक करतात, हृदयाचा दोष आतला, फाटलेला ओठ बाहेरचा, ती ओळ वाचून घ्या. पीएफमधूनही आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते.

फुकटात ऑपरेशन करणारी हॉस्पिटलं

मुंबईत परळचं वाडिया हे लहान मुलांचं हॉस्पिटल १९२९ पासून आहे, शेजारीच केईएम, पुढे सायन, नायर. गर्दी असते, जमिनीवर झोपावं लागतं, पण हात सराईत आहेत. नवी मुंबईत खारघरला सत्य साई संजीवनी हॉस्पिटल आहे, लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं तिथं पूर्ण मोफत, पैसे घ्यायचं काउंटरच नाही. नंबर लागायला वेळ लागू शकतो, म्हणून घाई नसलेल्या केसने तिथं रिपोर्ट लगेच दाखवून ठेवावा. फाटलेल्या ओठ-टाळूला तर पैसे गोळा करूच नका, स्माइल ट्रेन नावाची संस्था ठिकठिकाणच्या हॉस्पिटलांतून ही ऑपरेशनं मोफत करून देते, तुमच्या जवळचं हॉस्पिटल कोणतं ते विचारा.

मग धर्मादाय हॉस्पिटलं. हे नीट समजून घ्या कारण इथं लोक बिचकतात. आपल्याकडची बरीच मोठी, चकाचक, कॉफी शॉपवाली हॉस्पिटलं कागदावर ट्रस्टची असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ कक आणि त्यावर मुंबई हायकोर्टाने २००६ ला ठरवून दिलेली योजना, त्यानुसार अशा हॉस्पिटलाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी प्रत्येक बिलातले २ टक्के एका वेगळ्या फंडात टाकावे लागतात, आयपीएफ म्हणतात त्याला. सध्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारापर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारापर्यंत असेल तर दुर्बल. आणि इमर्जन्सीत अशा रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, हेही त्या योजनेत आहे.

तिथं रिसेप्शनला विचारलं तर "असं काही नसतं सर" ऐकायला मिळू शकतं. भांडू नका. सोशल वर्करचं ऑफिस विचारा, एमएसडब्ल्यू मॅडम कुठं बसतात म्हणा. त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी नाही म्हणाले तर "लेखी द्या" एवढंच म्हणा, आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात जा. "लेखी द्या" या दोन शब्दांनी आमच्या ओळखीतल्या दोन फायली हलल्या आहेत.

कागदांची पिशवी

हा माझा विषय, थोडं लांबण लावतो. एक प्लास्टिकची चेनवाली फाइल घ्या, ती एकाच माणसाकडे राहील, तो माणूस बाळाचा बाप नसावा. बाप आयसीयूच्या दाराबाहेर असतो, त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. काका, मामा, मित्र, कोणीतरी ठरवा.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक, एस्टिमेट. लेटरहेडवर, बाळाचं नाव ("बेबी ऑफ" आणि आईचं नाव), आईचं-बापाचं नाव, आजाराचं नाव, ऑपरेशनचं नाव, एकूण रक्कम, डॉक्टरांची सही, शिक्का, तारीख, आणि हॉस्पिटलच्या बँक खात्याचा तपशील. हे सगळं पाहिजे, एक जरी राहिलं तरी मदत देणारे ट्रस्टवाले परत पाठवतात आणि दोन दिवस जातात. सही-शिक्क्याच्या चार-पाच ओरिजिनल प्रती आधीच मागून घ्या, प्रत्येक जण ओरिजिनल मागतो. एस्टिमेट घेताना विचारा, यात आयसीयूचे किती दिवस धरलेत? रक्त धरलंय का? जास्त दिवस व्हेंटिलेटर लागला तर रोजचे किती? कारण पॅकेज म्हणतात ते सरळ पार पडलं तरचं असतं.

बाकी मग जन्माचा दाखला (एकवीस दिवसांच्या आत नोंद झाली तर कटकट नाही), आई-बापाचं आधार, रेशनकार्ड, इकोचा आणि बाकीचे रिपोर्ट, बँक पासबुक, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दाखल्याला आधी तलाठ्याचा अहवाल लागतो आणि मग आठवडा-पंधरवडा सहज जातो, म्हणून बाळ अ‍ॅडमिट आहे याचं पत्र जोडून तलाठी भाऊसाहेबांना स्वतः जाऊन भेटा, नायब तहसीलदारांना भेटा. बाळाचं नाव काढलं की बहुतेक माणसं हलतात, माझ्या दुकानाचा अनुभव आहे. खोटं कमी उत्पन्न मात्र दाखवू नका, पगाराची स्लिप आणि दाखला जुळला नाही की सगळीच फाइल संशयात जाते.

सगळ्याचे फोटो नाही, स्कॅन करून पीडीएफ करा आणि तीन जणांच्या मोबाइलात ठेवा.

मुख्यमंत्री निधी, पंतप्रधान निधी, देवस्थानं

योजनेत बसलंच नाही किंवा बसूनही वर रक्कम उरली, तर इथं यायचं. मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून नवजात बाळांचे आजार, लहान मुलांची ऑपरेशनं, हृदयाचे आजार यांना मदत मिळते. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाख ६० हजारापर्यंत पाहिजे, बाळ लहान असेल तर आईचं आधार लागतं, खासगी हॉस्पिटलचं एस्टिमेट असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडून ते तपासून घ्यावं लागतं, आणि बाळ अ‍ॅडमिट असल्याचा जिओ टॅग फोटो लागतो, म्हणजे ज्यात जागा आणि वेळ छापून येते तसला. त्याचं अ‍ॅप मोबाइलला फुकट मिळतं. पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात, तुमच्या नाही. डिस्चार्ज झाल्यावर अर्ज करून उपयोग नाही. आता जिल्हाधिकारी कार्यालयातही याचे कक्ष सुरू झालेत, मंत्रालयात हेलपाटे मारायला नकोत. आणि याला एक रुपया फी नाही. "फाइल पास करून देतो, दहा टक्के" म्हणणारा भेटेल, हमखास भेटेल, त्याला चहासुद्धा पाजू नका.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतूनही मोठ्या ऑपरेशनला काही भाग मिळतो, त्यांच्या यादीतलं हॉस्पिटल पाहिजे आणि अर्ज ऑपरेशनच्या आधी. खासदाराचं पत्र जोडलं तर बरं पडतं. खासदार भेटत नाही म्हणून रडू नका, त्यांचा पीए भेटतो, पत्र तोच टाइप करतो.

देवस्थानांत प्रभादेवीचा सिद्धिविनायक ट्रस्ट वैद्यकीय मदत देतो, टाटा ट्रस्टकडे वैयक्तिक उपचारांसाठी अर्ज करता येतो, रोटरीवाल्यांचा गिफ्ट ऑफ लाइफ म्हणून मुलांच्या हृदयासाठीच कार्यक्रम आहे, तुमच्या शहरातल्या रोटरी क्लबच्या कुठल्याही मेंबरला विचारा, आणि जेनेसिस फाउंडेशन गरीब घरातल्या मुलांच्या हृदयदोषांसाठी काम करतं. एकाच्या भरवशावर राहू नका, सगळीकडे एकाच दिवशी अर्ज टाका, पण प्रत्येकाला सांगा की बाकी कुठं कुठं अर्ज केलेत आणि किती मंजूर झाले. लपवाल तर हॉस्पिटलच्या खात्यावर पैसे दिसतातच, मग तुमचं नाव खराब.

आता लोकांकडे मागा

एवढं करून जो खड्डा उरेल तो आकडा घ्या. आमचा खड्डा शेवटी किती होता माहितीये? योजनेत ऑपरेशन बसल्यावर राहणं, खाणं, बहिणीची औषधं, गाडीभाडं, बाहेरच्या दोन तपासण्या मिळून पन्नास हजाराच्या आत. आणि आम्ही गावाला साडेचार लाखाचा आकडा सांगून बसलो होतो. ती शरम वेगळीच.

आधी घरातले, मग जवळचे, मग गाव, मग जग असं जायचं. दहावीच्या बॅचचा ग्रुप ही सगळ्यात जोरदार जागा आहे, हसू नका. भिशी, पतसंस्था, गणपती मंडळ, जत्रा कमिटी, दाजी जिथं काम करतात तिथले कामगार. मंडळाने यंदा डीजे कमी करून अकरा हजार दिले अशी उदाहरणं आमच्याकडेच आहेत. खासगी सावकाराकडे जायची वेळ आली तर आधी बँकेत सोनेतारण बघा, महिन्याला शेकडा पाच देण्यापेक्षा ते कितीतरी परवडतं.

मेसेज असा लिहा, आम्ही पहिला लिहिला तसा चार पानी रडगाणं नाही:

"नमस्कार, मी अमुक, राहणार अमुक. माझ्या बहिणीच्या नऊ दिवसांच्या बाळाला जन्मजात हृदयाचा आजार आहे. अमुक हॉस्पिटलात अमुक तारखेला ऑपरेशन ठरलंय. एकूण खर्च ३ लाख २० हजार. योजना आणि ट्रस्टमधून २ लाख ४० हजार मंजूर झालेत. ८० हजार कमी पडतायत. पैसे शक्यतो थेट हॉस्पिटलच्या खात्यावर भरा, तपशील खाली आहे, भरल्यावर स्क्रीनशॉट मला पाठवा. एस्टिमेट सोबत जोडलंय. शंका असेल तर या नंबरवर फोन करा. रक्कम पूर्ण झाली की याच ग्रुपवर सांगेन आणि मागणं थांबवेन."

शेवटचं वाक्य टाकाच. लोकांना वाटतं आपण टाकलेले शंभर रुपये समुद्रात गेले, तुम्ही "८० पैकी ५२ झाले" असं रोज सांगितलं की उरलेले येतात. आणि तारीख टाका, नाहीतर तो मेसेज पोरगी शाळेत जायला लागली तरी फिरत राहतो. आमचा फिरतोय अजून.

फोटोचं सांगतो. नळ्या लावलेलं उघडं बाळ टाकू नका. लोक बघून हळहळतात खरं पण ते पोर उद्या मोठं होणार आहे. दुपट्यातला, हाताचा, आईच्या मांडीवरचा फोटो पुरतो. आधारचा फोटो कधीच टाकू नका. आणि हे भुरटे लोक काय करतात, तुमच्या बाळाचा फोटो आणि मेसेज उचलतात, फक्त क्यूआर बदलतात. म्हणून फोटोवरच मोठ्या अक्षरात तुमचं नाव आणि नंबर लिहा, म्हणजे कोणीही पडताळू शकेल.

रक्कम मोठी असेल, दोन-तीन लाखांच्या वर, तर मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू असे ऑनलाइन प्लॅटफॉर्म आहेत. ते कागद तपासतात, पैसे हॉस्पिटलला थेट पाठवायची सोय असते. पण सुरू करायच्या आधी स्पष्ट विचारा, तुमची फी किती, पेमेंट गेटवेचे किती कापणार, जाहिरातीचा पैसा यातूनच जाणार का. देणाऱ्याकडून वर "टीप" मागतात, ती नाही म्हणता येते, हे आपल्या देणाऱ्यांना सांगून ठेवा, आमच्या एका मावशीने पाचशे द्यायचे तर पाचशेनव्वद गेले आणि त्या मलाच ओरडल्या. आणि लिंक टाकली की पैसे येतात हा गैरसमज आहे. पहिले वीस-पंचवीस देणारे तुमच्याच ओळखीचे लागतात, तेव्हा कुठं अनोळखी लोक बघतात. फोन करावे लागतात. एकेकाला. नुसतं फॉरवर्ड करून काही होत नाही.

पैसे कोणाच्या खात्यावर घ्यायचे? पहिली पसंती हॉस्पिटलचं खातं. हॉस्पिटलला यूपीआयने एका वेळी पाच लाखांपर्यंत भरता येतात, एरवीची मर्यादा लाखाची असते. आपल्या खात्यावर घेणार असाल तर जनधनचं छोटं खातं नको, पूर्ण केवायसी न केलेल्या तसल्या खात्यात पन्नास हजाराच्या वर शिल्लक राहू शकत नाही, वर्षाला एकूण एक लाखच जमा होऊ शकतात, आणि ऐनवेळी खातं अडकतं. बँकेत जाऊन मॅनेजरला आधी सांगा की या कारणासाठी छोट्या छोट्या रकमा येणार आहेत. परक्यांकडून वर्षात पन्नास हजारांवर रक्कम आली की इन्कम टॅक्सचा प्रश्न निघू शकतो, म्हणून सीएला एकदा विचारा, आणि म्हणूनच मी पुन्हा म्हणतो, थेट हॉस्पिटलला. कोणी "८०जी ची पावती द्या" म्हणालं, म्हणजे इन्कम टॅक्समध्ये सूट मिळवायची पावती, तर ती नोंदणी असलेल्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवरच मिळते, तुमच्या खात्यावर दिलेल्यावर नाही, खोटं आश्वासन देऊ नका.

परदेशातल्या मंडळींचं वेगळं. दुबईला, अमेरिकेला असलेला मित्र भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेतून पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेला असेल किंवा तिथलं महाराष्ट्र मंडळ देणार असेल तर ट्रस्टमार्फत किंवा प्लॅटफॉर्ममार्फतच या, आणि तो ट्रस्ट परदेशी पैसे घ्यायला पात्र आहे का ते विचारा.

हिशोबाला एक दोनशे पानी वही करा. तारीख, नाव, रक्कम, कशाने आले. दुसऱ्या बाजूला खर्च. अकरा रुपये असले तरी लिहा, आमच्याकडे एका आजीने देव्हाऱ्यातले एकावन्न काढून दिले, ते वहीत पहिल्या पानावर आहेत.

ऑपरेशन झाल्यावरचं

पैशापेक्षा आधी रक्तदाते लागतात हे कोणी सांगत नाही. बाळाचा रक्तगट कळला की चार-सहा जण तयार ठेवा, त्याच शहरातले. मुंबईत राहायची सोय म्हणाल तर गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळा आहेत, आणि सोशल वर्कर मॅडमकडे आणखी पत्ते असतात. बाळंतीण बाईचं खाणं-पिणं, तिचे टाके, याचे पैसे कोणीच धरत नाही, सगळं लक्ष बाळाकडे, आणि माझी बहीण सहा दिवस वडापाववर होती. ते तुमच्या घरच्या खर्चाच्या अंदाजात तुम्ही स्वतः धरा.

आमचं ऑपरेशन अकराव्या दिवशी झालं. जमा झालेल्यातले एकोणीस हजार शिल्लक राहिले. ग्रुपवर हिशोबाचे फोटो टाकले आणि विचारलं, ज्याला परत पाहिजे त्याने सांगा. तिघांनी मागितले, दिले, राग नाही. उरलेल्यातले थोडे सगळ्यांना विचारून शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या औषधांना दिले, आणि बाकीचे बहिणीच्या नावावर ठेवले, कारण इको परत परत करावा लागतो, पहिल्या वर्षात तीन-चार वेळा शहरात जाणं होतं, लसी वेळेवर द्याव्या लागतात, त्याला गाडीभाडं लागतं. पुढची तारीख डिस्चार्ज कार्डच्या मागच्या बाजूला पेनाने लिहिलेली असते, तिचाही फोटो काढून ठेवा, ते कार्ड हमखास हरवतं.